फिकट अक्षरांचा दंड

गेल्या महिन्यात भर दुपारी बसस्टॉपवर उभ्या उभ्या पाणीपट्टीचं पान मोबाइलवर उघडलं. पांढऱ्यावर फिकट राखाडीत अंतिम तारीख होती. मी वाचली २९. होती २१. देवनागरीतले १ आणि ९ मुळात सख्खे भाऊ. त्यांना वेगळं करणारा बाक उन्हात विरून गेला. बत्तीस रुपये दंड बसला. तो आकडा मात्र ठळक लाल, चष्म्याशिवाय दिसावा असा.

‘बाबा, नंबर वाढलाय तुमचा,’ मुलगी म्हणाली. वाढलाय, नाही कोण म्हणतो? वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, बाहुली लहान राहते, आत उजेड कमी जातो. पण पाणीपट्टी भरणारे आम्हीच ना? मग ते पान केलं कोणासाठी?

बरं, ‘दिसतंय की!’ एवढ्यावर हा वाद सोडायचं कारण नाही, याला माप आहे. डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांची दुसरी आवृत्ती २००८ साली आली. साध्या आकाराची अक्षरं आणि त्यांच्यामागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर निदान ४.५ ला १ हवं, असं त्यात आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. आता गंमत बघा. ७७७७७७ या कोडचा राखाडी पांढऱ्यावर ४.४८ भरतो, म्हणजे नापास. एक पायरी गडद, ७६७६७६, घेतला की ४.५४, पास! आणि आपल्या पानांवर सर्रास दिसतो तो राखाडी या दोघांहून कितीतरी फिका असतो. नारिंगी बटणांची तीच रड. नेहमीच्या नारिंगीवर पांढरी अक्षरं जेमतेम दोनच्या आसपास रेंगाळतात. तीच काळी केली तर दहाच्या वर जातात. तरी पांढरीच हवीत, का तर ‘फ्रेश’ दिसतं.

हे माप लिपी बघत नाही. आपल्या अक्षराला मात्र डोक्यावर मात्रा, पोटाखाली उकार आणि वर टिंबाएवढा अनुस्वार. रंग फिका झाला की आधी हेच जातात. ‘करू नये’मधला ‘नये’ दिसेनासा झाला तर काय होईल, ते सांगायला नको.

सगळाच फिकेपणा अजाणतेपणी येतो, असंही मी मानत नाही. ‘विमा जोडा’ झेंडूसारखा पिवळाधमक आणि शेजारचं ‘नको’ धुक्यात, हा योगायोग नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला चकवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी काढली. पडद्यावर एक गोष्ट उठावदार करून दुसरी मुद्दाम झाकोळून टाकणं, हीही त्यात आहे.

डिझाइनर मंडळींना एकच विनंती. एसीतल्या मोठ्या मॉनिटरवर बघून पान मंजूर करू नका. दुपारी बारा वाजता ते मोबाइलवर घेऊन गच्चीत जा, आणि सोबत साठीपुढचं कोणीतरी न्या. तारीख त्यांना वाचू द्या.