कच्चं फुटेज थेट उघडावं का?

बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि जुन्नर-आंबेगावच्या घाटांवर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, बैलांच्या जोडीने कॅमेरेही धावू लागले. सोमवारच्या बैलबाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या बेल्ह्याच्या आसपास आज एखाद्या नामांकित जोडीचं गाणं काढायचं म्हटलं, की नुसतं चित्रण पुरत नाही. बैलांच्या मागे वादळ उठवायचं, मालकाच्या नावाला आग लावायची, क्रोमा कापून गायकाला घाटाच्या माथ्यावर उभं करायचं. हे काम कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. तिथेच सध्या एक मागणी जोर धरते आहे: कॅमेऱ्यातलं रॉ फुटेज या सॉफ्टवेअरने मध्ये रूपांतर न करता थेट उघडावं. रास्त मागणी आहे, पण तिच्या बाजूने दिलं जाणारं सगळ्यात लाडकं कारण मला पटत नाही.

ते कारण म्हणजे दर्जा. सेन्सरचा प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या, १९७६ साली पेटंट मिळालेल्या जाळीत निम्मे ठिपके हिरव्याचे, पाव लाल आणि पाव निळ्याचे असतात. उरलेले रंग नंतर हिशेबाने भरावे लागतात. रॉ फाइलमध्ये हा हिशेब पुरा झालेला नसतो, व्हाइट बॅलन्सही पक्का झालेला नसतो. भर दुपारी बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटली, खिल्लार बैलांच्या पांढऱ्या अंगावर भंडारा उधळला, तर साध्या आठ बिटांच्या व्हिडिओत तो भंडारा पिवळ्या रंगाचा एक सपाट डाग होऊन बसतो. रॉमध्ये, सेन्सर तिथे आंधळा झाला नसेल तर, उडणारी पूड वेगळी काढता येते. शिवाय साध्या व्हिडिओत चार ठिपक्यांमागे रंगाची एकच नोंद असते, त्यामुळे क्रोमा कापताना पुढे धावणाऱ्या घोडीच्या आयाळीला पायऱ्या पडतात. (हिरवा पडदा लावून मागे उसाचा फड ठेवणाऱ्यांना मात्र कुठलीच फाइल वाचवू शकत नाही.)

हे सगळं खरं आहे. पण ही तुलना रॉ आणि साध्या व्हिडिओची झाली. आपला प्रश्न वेगळा आहे: रॉ थेट उघडायचं, की आधी त्याची ओपन-ईएक्सआर चित्रमालिका करून घ्यायची? इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २००३ साली खुल्या केलेल्या या सोळा बिटांच्या फॉरमॅटमध्ये नीट रूपांतर केलं, तर डोळ्याला दिसेल असं फारसं काही गळत नाही. व्हाइट बॅलन्स नंतरही फिरवता येतो. गोठून जाते ती रंग भरण्याची पद्धत आणि जळलेल्या भागाचं काय करायचं याचा निर्णय. म्हणूनच मोठे स्टुडिओ, ज्यांना कुठलंही सॉफ्टवेअर परवडतं, ते बहुधा आधी ईएक्सआर करतात आणि मगच शॉट आर्टिस्टच्या हाती देतात. एका शॉटवर तिघे बसणार असतील तर तिघांच्या पडद्यावर एकच रंग दिसायला हवा.

थेट वाचनाची खरी बाजू आहे ती डिस्कची. ४०९६ बाय २१६० ची एक फ्रेम घ्या: अठ्ठ्याऐंशी लाखांवर ठिपके. ईएक्सआरमध्ये प्रत्येक ठिपक्याला सहा बाइट, म्हणजे फ्रेमला सुमारे ५३ एमबी. दहा सेकंदांच्या बारीच्या २४० फ्रेम होतात. त्यांना पावणेतेरा जीबी लागतात. दाबून निम्मे केले तरी सहाच्या वर. तीच बारी ब्लॅकमॅजिक रॉमध्ये १२:१ ने टिपली तर जेमतेम पावणेतीनशे एमबी. मुंबईच्या स्टुडिओला या फरकाचं काही वाटत नाही. एका लॅपटॉपवर आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर धंदा करणाऱ्याला दिवसभरातल्या पन्नास बाऱ्या ईएक्सआरमध्ये ठेवायच्या म्हणजे प्रत्येक घाटामागे नवी डिस्क.

आता दुसरं पारडं. रॉ वाचायची किल्ली बहुतेकदा कॅमेरा कंपनीकडे असते. ती वाचनासाठी लागणाऱ्या कोडची तयार किट फुकट देते, पण आतला कोड उघडत नाही. ब्लेंडर किंवा नॅट्रॉनसारख्या जीपीएल परवान्याच्या मुक्त सॉफ्टवेअरला असा बंद कोड पोटात घेऊन वाटता येत नाही. ब्लेंडर काही पोरखेळ नाही. त्यावर बनलेल्या ‘फ्लो’ या अॅनिमेशनपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. फुकट हवं तर डाविंची रिझॉल्व्ह आहे, त्यात फ्यूजनही आहे, पण ते ब्लॅकमॅजिकचं. म्हणजे कॅमेरा, फाइल आणि सॉफ्टवेअर एकाच दुकानातलं.

आणि दुकानं पाट्या बदलतात. २०१८ मध्ये आलेला ब्लॅकमॅजिकचा पॉकेट ४के कॅमेरा सुरुवातीला सिनेमा-डीएनजी हा जाहीर तपशिलांचा फॉरमॅट टिपत असे. २०१९ च्या एका अपडेटने तो काढून घेतला. रेड या कॅमेरा कंपनीने दाबलेल्या रॉच्या पेटंटवरून २०२२ मध्ये निकॉनला कोर्टात खेचलं, २०२४ मध्ये निकॉनने रेडच विकत घेतली. २०१७ मध्ये रेडची नवी रंगपद्धत आली, तेव्हा तीच जुनी फाइल नव्या डोळ्यांनी पाहता येऊ लागली. ग्रेडिंग करणारे खूश झाले. पण मागच्या वर्षीचा शॉट यंदा पुन्हा रेंडर करून तसाच यावा, ही कंपोझिटिंगची पहिली अट. तिच्या दृष्टीने ही चैन धोक्याची आहे. आणि जपून ठेवलेलं गमावण्याचे प्रकारही दोन: जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या. फाइल शाबूत आहे पण ती वाचणारं काही उरलं नाही, या नुकसानीला आगही लागत नाही.

तरीही मी थेट वाचनाच्या बाजूने आहे, दोन अटींवर. पहिली, रंग भरण्याच्या साऱ्या सेटिंग आणि किटची आवृत्ती प्रोजेक्टमध्येच लिहिली जावी आणि कुलूपबंद राहावी. ब्लॅकमॅजिक रॉच्या बदललेल्या सेटिंग शेजारच्या ‘साइडकार’ फाइलमध्ये ठेवता येतात, पण शेजारची फाइल कॉपी करताना राहून जाते. दुसरी, शॉट पक्का झाला की त्यातल्या वापरलेल्या तेवढ्याच फ्रेम, पुढेमागे थोड्या जास्तीच्या घेऊन, एका बटणावर ईएक्सआर व्हाव्यात. दिवसाच्या पन्नास बाऱ्यांमधल्या गाण्यात लागतात चार; डिस्कचं गणित तिथेच सुटतं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी बंद किट पोटात घेऊ नये, वेगळा छोटा प्रोग्रॅम करून बाहेर ठेवावी. तो लावण्याचा त्रास वापरणाऱ्याने एकदा सोसायला हरकत नाही.

राहता राहिला क्रम. सॉफ्टवेअर करणारे आधी अलेक्सा आणि रेडसारख्या महागड्या कॅमेऱ्यांच्या फाइलींकडे धावतात, कारण जाहिरातीत ती नावं शोभतात. अलेक्सावर शूट करणाऱ्याकडे फाइल बदलून देणारा माणूस पगारावर असतो. बेल्ह्याच्या पोराच्या हाती येतो तो पॉकेट, तोही बहुधा भाड्याचा. सुरुवात त्याच्या फाइलपासून करा, अलेक्सावाले थांबतील.