भिंत झाकण्याआधी

परवा श्रीरामपूरला भाचीच्या वास्तुशांतीला गेले होते. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. सोफ्यामागची अख्खी भिंत लाकडी फळ्यांनी मढवलेली! बायका कौतुकाने हात फिरवून बघत होत्या. "याला पॅनलिंग म्हणतात," भाची सांगत होती. कौतुक मीही केलं, पण जाता जाता एका फळीवर बोट वाजवून पाहिलं. ती सवय मला का लागली, तेच आज सांगायचंय.

आमचं घर राहुरीजवळ, पाटपाण्याच्या पट्ट्यात. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेच्या कालव्यांनी आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (तोंडात अजून नगरच येतं!) ऊस आणला, पैसा आणला. पण काही ठिकाणी जमिनीतली ओलही वर आणली. आमच्या बैठकीच्या भिंतीला कायम लोणा. दिवाळीला रंग द्यावा, तर होळीपर्यंत पोपडे! पाहुणे आले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग कुठेतरी चित्र पाहिलं आणि हट्टच धरला, फळ्या मारायच्या. सुतार म्हणाला, "वहिनी, आधी ओल बघा." सासूबाई म्हणाल्या, "झाकून काय होणार गं?" मी कुणाचंच ऐकलं नाही. भिंत झाली झकास. दोन वर्षं मिरवलं.

तिसऱ्या पावसाळ्यात फळीच्या सांध्यातून मातीची बारीक रेघ दिसली. फळी काढली तर मागे सगळी वाळवी! शेजारच्या लाकडी कपाटातही ती शिरली होती. त्यात सासूबाईंचा लग्नातला शालू होता. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. पदराने माती झटकत बसल्या. त्यांनी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

मैत्रिणींनो, दोष फळ्यांचा नव्हता. आपल्या जुन्या वाड्यांत लाकूड काय कमी होतं? पण खांब दगडी तळखड्यावर उभा असायचा, मातीला टेकायचा नाही. कडीपाट उघडा, कीड लागली तर दिसायची. आपण मात्र लाकूड ओल्या भिंतीला चिकटवतो आणि मागे हवाही ठेवत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : पहिला पैसा भिंतीला, दुसरा शोभेला. फळ्या लावायच्या असतील तर भर पावसाळ्यात फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. दोन दिवसांनी मागच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर आधी गवंड्याला बोलवा, सुताराला नंतर. नव्या घरातलं प्लास्टरही पुरतं वाळू द्या. वाळवीचं औषध आधी मारून घ्या. फळ्या थेट भिंतीवर नकोत, पट्ट्यांच्या चौकटीवर हव्यात आणि जमिनीपासून दोन बोटं वर. एखादी फळी स्क्रूची ठेवा, म्हणजे वर्षातून एकदा काढून मागे डोकावता येईल.

हल्ली लाकडासारखे दिसणारे पीव्हीसीचे पॅनल मिळतात. त्यांना वाळवी लागत नाही, हे खरं. पण मागची ओल तिथेच राहते. आणि शेगडीजवळ ते नकोतच. उष्णतेने वाकतात, पेटले तर धूर विषारी.

घर सजवू नका, असं मी म्हणत नाही. दिवसभर राबून संध्याकाळी छान भिंतीकडे बघत चहा प्यावा, एवढा हक्क आपला आहेच. पण "लोक काय म्हणतील" म्हणून भिंत झाकली, तर लोक निघून जातात आणि वाळवी आपल्याकडे राहते.

निघताना भाचीला बाजूला घेऊन विचारलं, "भिंत वाळली होती ना गं?" ती क्षणभर गप्प झाली. "मुहूर्ताची घाई होती, मावशी." मग हळूच म्हणाली, "यंदाच्या पावसाळ्यात दोन फळ्या काढून बघते."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला असं विचारणाऱ्या सासूबाई होत्या. ऐकलं नाही, ते मीच.