बिलावर वॅट लिहा

इंजिनिअरिंगच्या प्रवेशांचा हंगाम तोंडावर आला, की राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत आपल्या दुकानांत तेच बोलणे ऐकू येऊ लागते. पोरगा विचारतो, "मालक, यात ४०६० हाय का ५०६०?" वडील विचारतात, "चार वर्षं तरी चालंल न्हवं?" आपण पोराला चिपचा आकडा सांगतो, वडिलांना हप्ता सांगतो आणि खोका बांधून देतो. ही चिप या लॅपटॉपमध्ये किती वॅटवर चालणार, हे ना कोणी विचारत, ना आपण सांगत. खरे तर पन्नास-साठ हजारांच्या वर गेलेल्या व्यवहारात तेच आधी सांगायला हवे.

आरटीएक्स ४०६० या लॅपटॉप चिपला एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅट एवढी मोठी मुभा ठेवली आहे. त्यात कुठे थांबायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते आणि ते ठरते यंत्राची जाडी, पंखे, तांब्याच्या नळ्या आणि सोबतचा चार्जर यांवरून. ४५ वॅटवर रोखलेली ४०६० आणि ११५ वॅट मिळणारी ४०६० यांचे स्टिकर एकच. शोरूममधल्या कार्डावरची ओळही एकच. गेम सुरू केल्यावर मात्र दोघींची गाठ पडत नाही. ४५ वॅटवाली तर पोटभर वीज मिळालेल्या ४०५० च्याही मागे पडू शकते. म्हणजे ग्राहक जास्त पैसे मोजून कमी घेऊन जातो, आणि आपल्यालाही त्याचा पत्ता नसतो.

पूर्वी निदान नावावरून अंदाज यायचा. २०१७ पासून कमी वॅटच्या चिपला 'मॅक्स-क्यू' हे शेपूट लागत असे. २०२१ मध्ये ३० मालिका लॅपटॉपमध्ये आली आणि चिपच्या नावातून ते गळाले. ओरड झाली तेव्हा एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना वॅट जाहीर करायला सांगितले. त्यांनी केलेही, पण बहुतेकांनी ते तपशीलपत्रकाच्या तळाशी, बारीक टाइपात. आपल्या काउंटरपर्यंत तो आकडा पोचलाच नाही.

महागड्या यंत्रांत तर आणखी गंमत आहे. लॅपटॉपमधल्या ४०९० मध्ये ९,७२८ कुडा कोअर. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४. लॅपटॉपवाली चिप मुळात डेस्कटॉपच्या ४०८० ची. ५०९० मध्ये दरी आणखी रुंदावली: लॅपटॉपमध्ये १०,४९६ कोअर आणि २४ जीबी मेमरी, डेस्कटॉपवर २१,७६० कोअर आणि ३२ जीबी. डेस्कटॉपचे कार्ड ५७५ वॅट खाते, लॅपटॉपला १५० वॅट आणि वर थोडी बूस्टची सवलत. दोन बोटे जाडीच्या डब्यात ५७५ वॅटची उष्णता कोणी कोंडू शकत नाही, त्यामुळे तंत्रज्ञांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो एकाच नावाने दोन वस्तू विकण्याचा.

आपल्याच गावातले उदाहरण घ्या. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखानदाराने अश्वशक्ती आणि फेऱ्यांची पट्टी न ठोकता ऑइल इंजिन विकायला काढले असते, तर शेतकऱ्याने ते गाडीत चढवलेच नसते. 'इंजिन चांगलं आहे' एवढ्यावर विहिरीचे पाणी वर येत नाही हे त्याला ठाऊक होते. आपला ग्राहक त्याच शेतकऱ्याचा नातू आहे. तो आकडा विचारत नाही, कारण असा आकडा असतो हेच त्याला कोणी सांगितलेले नाही.

आता वॅटचे वेड लावून घ्यावे असेही मी म्हणणार नाही. ४०५० आणि ४०६० या चिपना साधारण १०० वॅटच्या पुढे नेले तरी फारसे हाती लागत नाही. १४० वॅटचा लॅपटॉप ७० वॅटच्या दुप्पट धावतो असे सांगून माल खपवणे म्हणजे जुने पाप काढून नवे घालणे. शिवाय वॅट कितीही असले तरी मेमरी अपुरी पडली तर गेम अडखळणारच. लॅपटॉपच्या ५०६० ला ८ जीबी आणि ५०७० लाही ८ जीबीच. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर वर चढवले की ही मेमरी भरते आणि ५०७० साठी मोजलेले जादा पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. १२ जीबी हवी असेल तर ५०७० टीआयपर्यंत जावे लागते. हा फरक तोंडाने सांगायला अर्धा मिनिट पुरतो.

फ्रेमच्या आकड्यांबाबतही सावध राहायला हवे. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या व्यासपीठावर एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे ५०७० कार्ड ४०९० इतकी कामगिरी देईल असे सांगितले. तो दावा एआयने रचलेल्या फ्रेमच्या बळावर होता. ५० मालिका आली तेव्हा एका खऱ्या फ्रेममागे अशा तीन फ्रेम घालता येत होत्या. चित्र गुळगुळीत दिसते हे खरे. पण बटण दाबल्यापासून पडद्यावर गोळी सुटेपर्यंतचा वेळ खऱ्या फ्रेमवरच ठरतो. व्हॅलोरंट खेळणाऱ्या पोराला 'दोनशे एफपीएस' सांगताना त्यातल्या खऱ्या किती हे आपल्याला माहीत हवे. आणि जीटीए ६ साठी लॅपटॉप घ्यायला आलेल्याला हेही सांगा, की आतापर्यंत जाहीर झालेला तो गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठीच आहे.

स्वस्त लॅपटॉपकडे वळू, कारण आपला निम्माअधिक धंदा तिथलाच. वेगळी ग्राफिक्स चिप नसलेल्या यंत्रात रॅमच ग्राफिक्सची मेमरी असते, म्हणून तिथे एक पट्टी आणि दोन पट्ट्या यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. इंटेलचे आयरिस एक्सई घ्या. एकच पट्टी असली तर विंडोज त्याला 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणूनच दाखवते. दुसरी बसवली की तेच यंत्र आयरिस एक्सई होते. खोक्यावर आयरिस आणि आत एक पट्टी अशी किती यंत्रे आपण विकली असतील! रॅम महागल्यापासून ही चलाखी वाढण्याची भीती आहे. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी ओढून घेतली आहे. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा क्रुशियल ब्रँड गुंडाळत असल्याचे जाहीर केले. भाव चढे असले तरी दुसऱ्या पट्टीचा खर्च ग्राहकापुढे मांडावा, घ्यायची की नाही ते त्याला ठरवू द्यावे.

याच वाटेवर हार्डवेअरची खरी नवलाईही दिसते. एएमडीच्या रायझेन एआय मॅक्स प्लस ३९५ मध्ये प्रोसेसरच्या पोटातच ४० ग्राफिक्स युनिट आहेत आणि मेमरीचा रस्ता २५६ बिटचा, म्हणजे नेहमीच्या लॅपटॉपच्या दुप्पट रुंद. वेगळ्या चिपची मधली फळी यामुळे पुढेमागे धोक्यात येईल असे माझे मत आहे. मात्र त्यात रॅम बोर्डवरच झाळलेली असते, नंतर वाढवण्याची सोय नाही. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्यांनी हे आत्ताच ध्यानात घ्यावे.

टेबलाचा विषय निघालाच आहे. जुन्या कारागिरांना २००८ आठवत असेल. एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिपच्या पॅकेजिंगमध्ये खोट निघाली आणि कंपनीने त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. त्या काळात हीट गन मारून 'जिवंत' केलेले बोर्ड काही आठवड्यांत पुन्हा टेबलावर येत. आजच्या यंत्रांत वेगळी जोखीम आहे. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असते. ते वीज वाहते आणि ॲल्युमिनियम खाते. नेहमीच्या हाताने पुसायला गेलात तर बोर्ड गेलाच. काहींत फेज-चेंज पॅड असते, ते काढून साधी पेस्ट लावणे म्हणजे यंत्राला पायरीभर खाली उतरवणे. आणि धूळ? इचलकरंजीहून आलेल्या लॅपटॉपच्या जाळीत सुताचा कापूस नमद्यासारखा बसलेला असतो, शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेल्यात काळी लोहमिश्रित भुकटी. पहिला कापूस फुंकून निघतो. दुसऱ्यासाठी पंखा उघडावाच लागतो, कारण ती भुकटी बोर्डवर पडली तर शॉर्ट होण्याचे भय. चार्जर बदलतानाही २३० वॅटच्या जागी १२० वॅटचा स्वस्त चार्जर देऊ नका. यंत्र चालू राहते, ग्राहक खूश होऊन जातो, आणि गेम उघडताच चिप बसकण मारते.

फाउंड्रीवाल्यांबद्दल थोडे. गोकुळ शिरगाव, कागल भागातले डिझायनर हल्ली सर्रास गेमिंग लॅपटॉप मागतात, आणि आपण आनंदाने देतो. सॉलिडवर्क्सची अधिकृत मान्यता मात्र वर्कस्टेशन कार्डांना असते, जीफोर्सला नसते. ओतकामाच्या सिम्युलेशनला बऱ्याचदा ग्राफिक्सपेक्षा प्रोसेसर आणि रॅम जास्त लागते. अशा ग्राहकाला आधी काम विचारावे. लाखाचा लॅपटॉप ऐंशी हजारांवर आला तर वीस हजारांची विक्री गेली खरी, पण त्या कारखान्याची पुढची दहा यंत्रे आपल्याकडूनच जातील.

ऑनलाइन बाजार आपल्यापेक्षा दोन-तीन हजारांनी स्वस्त विकतो ही आपली नेहमीची तक्रार. भावात आपण जिंकणार नाही. पण यंत्र ग्राहकासमोर चालवून दाखवणे त्या बाजाराला जमत नाही, आपल्याला जमते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कमाल ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते, ती दाखवा. चार्जर लावून २० मिनिटे गेम किंवा टेस्ट चालू ठेवा आणि शेवटी चिप प्रत्यक्षात किती वॅट घेते ते एचडब्ल्यूइन्फोवर पाहा. मुलाने वसतिगृहात चार्जरशिवाय खेळायचे ठरवले तर वेग निम्म्याखाली जाऊ शकतो, हेही तिथेच चार्जर काढून दाखवता येते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि क्षमता जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहेच. कायद्याचा धाक दाखवायची वेळ आपल्या पेठेवर येऊ नये.

तेव्हा या हंगामापासून बिलावर मॉडेल क्रमांकाशेजारी चार गोष्टी लिहायला सुरुवात करा: ग्राफिक्सचे कमाल वॅट, ग्राफिक्स मेमरी, रॅमच्या पट्ट्या किती आणि चार्जरचे वॅट. आणि विकलेल्या प्रत्येक गेमिंग लॅपटॉपची २० मिनिटांनंतरची नोंद, दुकानातल्या तापमानासह, आमच्याकडे पाठवा. कंपनीचे तपशीलपत्रक नको, तुमच्या काउंटरवर मोजलेला आकडा हवा. पुरेशा नोंदी जमल्या की मॉडेलवार तक्ता याच पानासमोर छापू.