लाइन गेल्यावर काय चालू राहते?

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. अशा दुपारी लाइन गेली की कूलर थांबतो आणि माणसे दारात येऊन शेजाऱ्याला विचारतात, ‘तुमच्याकडे आहे का?’ ज्यांच्या छतावर सौर पॅनेल आहेत त्यांचेही उत्तर बहुधा ‘नाही’ असेच असते. वर ऊन रणरणते आहे, पॅनेल तापली आहेत, तरी खाली पंखा बंद. अनेक घरांना ही गोष्ट पहिल्या उन्हाळ्यातच कळते.

यात यंत्राचा दोष नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून बसणारे बहुतेक संच बाहेरच्या विजेच्या जाळ्याला जोडलेले असतात. ते बंद पडले की घरच्या संचानेही थांबायचे असते. नाही तर छतावरची वीज तारांत उतरून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते, रोज साधारण १२ युनिट वीज तयार होते आणि बिल खूप खाली येते. सौदा चांगला आहे. मात्र तो बिलाचा सौदा आहे. लाइन गेल्यावर वीज हवी असेल तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर वेगळा लागतो.

निरोगी माणसाचे हे घामावर निभावते. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचा रुग्ण असेल तर निभावत नाही. ५ लिटरचे हे यंत्र सुमारे ३५० वॅट वीज खाते. घरोघरी दिसणाऱ्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ते जेमतेम तीन-चार तास चालेल, तेही बॅटरी चांगली असेल आणि त्यावर दुसरे काही नसेल तर. अशा घरात छोटा ऑक्सिजन सिलिंडर भरून ठेवणे हे पॅनेलइतकेच महत्त्वाचे आहे.

हाच हिशेब प्राथमिक आरोग्य केंद्रालाही लागू होतो. तिथल्या सगळ्या यंत्रांना विजेची घाई सारखी नसते. लसी २ ते ८ अंशांत ठेवणाऱ्या फ्रिजच्या भिंतीतच बर्फाचा थर असतो. दिवसातून ८ तास वीज मिळाली तरी तो लसी सांभाळतो. नोंदणीचा संगणक तासभर थांबू शकतो. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झालेली बाई थांबू शकत नाही. टाका घालायला उजेड हवा, बाळाच्या नाकातोंडातला स्राव ओढायला सक्शन हवे, तेही त्याच मिनिटाला. बाळाला ऊब देणारा वॉर्मर बंद पडला तर आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवून वेळ निभावता येते. त्या उबेला वीज लागत नाही. टॉर्च तोंडात धरून टाका घालणे मात्र कुणाच्या वाट्याला येऊ नये.

म्हणून आरोग्य केंद्रावर सौर संच बसवताना ‘किती किलोवॅट?’ हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न, लाइन गेल्यावर काय चालू राहणार? प्रसूतिगृहाचे दिवे, सक्शन आणि वॉर्मर यांची वायरिंग वेगळी काढून तिला बॅटरीचा आधार दिला, तर छोटा संचही पुरतो. हे नसेल तर छत भरून पॅनेल लावूनही रात्री उपयोग शून्य.

हे काही स्वप्नरंजन नाही. शेजारच्या छत्तीसगडने शेकडो आरोग्य केंद्रांवर असे संच बसवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विजेची टंचाई असूनही सौर संच नसलेल्या केंद्रांच्या तुलनेत सौर संच असलेल्या केंद्रांत प्रसूतींची संख्या जवळपास दुप्पट आढळली. सगळे श्रेय सूर्याला देता येणार नाही. पण जिथे रात्री दिवा असतो तिथे लोक येतात.

अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांना ही गोष्ट अधिक लागू पडते. धारणीतले हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले, टेलिमेडिसिनची चर्चा झाली. पण पडद्यावरच्या डॉक्टरलाही आधी वीज लागते आणि पडद्यासमोर रुग्णाचा हात धरणारी परिचारिका लागते. बॅटरीचेही तसेच. काही वर्षांनी ती बदलावीच लागते. त्या खर्चाची तरतूद पहिल्याच दिवशी झाली नाही, तर उद्घाटनाची फीत तेवढी फोटोत उरते.

सरकारी दवाखान्यात काहीच होत नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. सौर लावले की सगळे होते, असे मानणारेही आता वाढले आहेत. दोघांनी एकदा आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन मुख्य स्विच बंद केल्यावर प्रसूतिगृहात काय चालू राहते, ते रुग्ण कल्याण समितीला विचारावे. उत्तर पावसाळ्याआधी मिळालेले बरे. नंतर मिळाले तर बैल गेला अन् झोपा केला, इतकेच.