कराकोशचे उंबरठे



शुभ शुक्रवारच्या उपासनेत जी वर्गणी गोळा केली जाते, तिच्याविषयी आमच्या एका वाचकभगिनीने आम्हांस पत्र लिहिले आहे. पत्र साधे आहे, परंतु प्रश्न टोकदार आहे. त्या लिहितात की, आमच्या गावच्या चर्चचे छप्पर गळते, पावसाळ्यात वेदीजवळ बादली ठेवावी लागते. असे असता दूर देशीच्या ख्रिस्ती लोकांसाठी आमच्यापुढे थैली का फिरावी? आणि तो पैसा तिकडे जाऊन करतो तरी काय? असे विचारल्याबद्दल त्यांनी क्षमाही मागितली आहे. तिची मुळीच गरज नव्हती. ज्याच्या गाठीचा रुपया जातो, त्यास तो कोठे गेला हे विचारण्याचा अधिकार आहे.

उत्तरादाखल आम्ही जगातील सर्व छळाची यादी देणार नाही. तसल्या याद्या वाचून मन बधिर होते, हात मात्र पुढे येत नाही. त्यापेक्षा एकाच गावाची हकीकत सांगतो.

इराक देशात, मोसुल शहराच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरांवर कराकोश नावाचे गाव आहे. गाव म्हणजे तसे नगरच. २०१४ पूर्वी तेथे सुमारे पन्नास हजार लोकांची वस्ती होती आणि तीतील बहुसंख्य सुरियानी कॅथलिक. भोवती गव्हाची शेते. घरांतून जी भाषा बोलली जाते ती अरामी भाषेची लेक; आपल्या प्रभूने नाझरेथच्या घरी आपल्या मातेशी जी भाषा बोलली, तिच्याच कुळातील. आपल्यासारखेच शेतीवाडी करणारे, सणावारी नवे कपडे घालणारे, लग्नात गावजेवण घालणारे लोक.

२०१४ च्या जून महिन्यात 'इस्लामिक स्टेट' म्हणविणाऱ्या टोळीने मोसुल घेतले. जुलैत तेथील ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर 'नून' हे अरबी अक्षर रंगविण्यात आले. 'नसरानी' म्हणजे नाझरेथकराचे अनुयायी, या शब्दाचे ते पहिले अक्षर. धर्म बदला, कर भरा, चालते व्हा, नाहीतर तलवारीस सामोरे जा, असा हुकूम सुटला. लोक बाहेर पडले. वाटेतील नाक्यांवर त्यांच्या जवळचे पैसे, दागिने काढून घेण्यात आले.

कराकोशची पाळी ६ ऑगस्ट रोजी आली. तो प्रभूच्या रूपांतराचा सण. त्या सकाळी एका घरापुढे तोफगोळा पडून दोन खेळती मुले आणि एक तरुणी ठार झाली. रात्र उलटण्यापूर्वी गाव रिकामे झाले. कोणी मोटारीतून, कोणी पायी. म्हातारी माणसे पाठीवर, तान्ही मुले कडेवर. हे सारे अर्बिल शहराकडे निघाले. निनवेच्या मैदानातील अशा सर्व वस्त्या मिळून लाखाहून अधिक ख्रिस्ती माणसे त्या दिवसांत बेघर झाली. अर्बिलच्या अंकावा भागात चर्चच्या बागांत, शाळांच्या वर्गांत, अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या उघड्या मजल्यांवर ती राहिली.

या पळापळीतील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. मोसुलच्या डोमिनिकन संघाचे फादर नजीब मिखाएल यांनी मठातील शेकडो वर्षांची हस्तलिखिते आधीच कराकोशला हलविली होती. आता ती अर्बिलला न्यावयाची होती. परंतु नाक्यावर मोटारी अडविल्या गेल्या. तेव्हा त्यांनी पायी चाललेल्या निर्वासितांच्या हातांत ते ग्रंथ दिले. ज्यांना स्वतःचे गाठोडे घेण्यासही सवड मिळाली नव्हती, त्यांनी पूर्वजांचे ग्रंथ छातीशी धरून पलीकडे नेले आणि परत केले. तेच फादर पुढे मोसुलचे खाल्दी महाधर्मप्रांताधिपती झाले.

आता पैशाकडे वळू. पहिल्या वर्षी अन्न, तंबू, औषधे यांवरच खर्च झाला, हे सांगावयास नको. मदतीची खरी कसोटी पुढे लागली. २०१६ च्या ऑक्टोबरात कराकोश मुक्त झाले, तेव्हा लोक आपली घरे पाहावयास गेले. अमलोद्भव मातेचे थोरले चर्च आतून जाळलेले होते, त्याच्या अंगणाचा नेमबाजीच्या सरावासाठी उपयोग केलेला होता. घरे लुटलेली, कित्येक मुद्दाम पेटविलेली. आता काय करावे? सामान बांधून ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला जावे, की काजळलेल्या भिंती पुन्हा उभ्या कराव्यात? अनेकांनी पहिला मार्ग धरला, आणि त्यांस नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही.

परंतु ज्यांना परतावयाचे होते त्यांच्यासाठी २०१७ च्या मार्चमध्ये खाल्दी, सुरियानी कॅथलिक आणि सुरियानी ऑर्थोडॉक्स या तीन ख्रिस्तसभांनी मिळून निनवे पुनर्बांधणी समिती स्थापिली. एरवी या मंडळींत मतभेद पुष्कळ; संकटाने त्यांस एका मेजाभोवती बसविले. अभियंते घरोघर फिरले. कोणते घर जमीनदोस्त, कोणते जळालेले, कोणते नुसत्या दुरुस्तीने राहण्याजोगे, याची नोंद झाली. मैदानातील ख्रिस्ती वस्त्यांत नुकसान झालेली घरे सुमारे तेरा हजार भरली. समितीमागे 'एड टू द चर्च इन नीड' ही पोपमहाशयांच्या अधिकाराखालील संस्था उभी राहिली, आणि तिच्यामागे देशोदेशींची सामान्य कुटुंबे. थैलीत पडलेले नाणे असे चुना, तारा, खिडक्यांच्या काचा, पाण्याची टाकी होऊन एखाद्या घरात जाऊन बसते. परतलेल्या कुटुंबांस दारी लावावयास ऑलिव्हची रोपेही देण्यात आली. ऑलिव्हला फळ धरावयास वर्षे लागतात. पुढच्या महिन्यात गाव सोडणारा मनुष्य ते झाड लावीत नाही.

या संस्थेचा जन्मही खेड्यांतल्या स्वयंपाकघरांतच झाला, हे आमच्या भगिनीस आवडेल. १९४७ च्या नाताळात बेल्जममधील टोंगरलो मठातील वेरेनफ्रीड व्हान स्ट्राटेन या तरुण धर्मगुरूंनी घरादारांतून हुसकलेल्या जर्मन निर्वासितांची दुर्दशा वर्णन करणारा लेख लिहिला. युद्ध नुकतेच संपलेले. जर्मन म्हणजे कालचे शत्रू. तरी ते शेतकरणींकडे गेले आणि पैसे नव्हे, तर घरात टांगलेल्या खारवलेल्या डुकराच्या मांसाचा एक एक तुकडा मागू लागले. ढीग जमले, आणि लोक त्यांस 'बेकनवाले फादर' म्हणू लागले. व्हिंक्ट नावाच्या गावी १९४० साली जर्मन सैनिकांनी अनेक निरपराध गावकऱ्यांना ठार मारले होते. तेथेही हे गृहस्थ जर्मनांसाठी मागावयास उभे राहिले आणि रिकाम्या हाताने परतले नाहीत. पुढे तीच झोळी लोखंडी पडद्यामागे छळल्या जाणाऱ्या ख्रिस्तसभेसाठी फिरली, आणि आता जगभर फिरते.

दूरच्यांचे आमच्याशी नाते काय, असेही पत्रात आहे. नाते आपल्याला वाटते त्याहून जुने आहे. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की, 'कल्लियाना' येथे पर्शियाहून नेमलेला बिशप असतो. अनेक अभ्यासक हे स्थळ म्हणजे ठाण्याजवळचे कल्याणच मानतात. त्या पूर्वेच्या ख्रिस्तसभेचे मुख्य पीठ आजच्या बगदादजवळ होते, आणि तिचे वारस म्हणजे कराकोशकरांचे शेजारी असलेले खाल्दी ख्रिस्ती. पोर्तुगीज गलबते आपल्या किनाऱ्यास लागण्यापूर्वी हजार वर्षे त्यांच्या पूर्वजांनी आपल्या किनाऱ्यावर मेंढपाळ पाठविला होता, असे यावरून दिसते.

येथे एक गोष्ट थांबून सांगितली पाहिजे. अशा हकीकती ऐकून काही घरांत शेजारच्या मुसलमान कुटुंबाविषयी कडू शब्द निघतात. ते आमच्या कानांवर आले आहेत. ही छळाची भरपाई नव्हे, उलट छळणाऱ्यांचेच काम पुढे चालविणे आहे. त्या टोळीच्या हातून मुसलमानही फार मेले. मोसुल सुटल्यावर तेथील चर्चमधील राडारोडा उपसावयास मुसलमान तरुण आले, आणि २०१७ च्या नाताळात तेथे मिस्सा झाली. मोसुलची दोन चर्चे युनेस्कोने पुन्हा उभारली, त्यांचा खर्च संयुक्त अरब अमिरातीने दिला. ७ मार्च २०२१ रोजी पोप फ्रान्सिस कराकोशच्या चर्चमध्ये आले, तेव्हा त्या तोफगोळ्याने जिचा मुलगा नेला ती माता त्यांच्यासमोर उभी राहिली. मुलांच्या मृत्यूने गावास जाग आली आणि बाकीचे वाचले, असे तिने सांगितले. मारणाऱ्यांस आपण क्षमा करतो, असेही सांगितले. आम्ही त्याहून अधिक काही लिहू शकत नाही.

काम पुरे झाले आहे असे मात्र नव्हे. कराकोशची सुमारे निम्मी कुटुंबेच परतली. २००३ पूर्वी इराकात बारा ते पंधरा लाख ख्रिस्ती होते असे धरले जाते; आज ते अडीच लाखांच्याही आत आहेत. बांधलेल्या घरात राहावयास रोजगार लागतो, मुलांना शाळा लागते, रात्री झोप येण्याइतकी निर्भयता लागते. यांतील शेवटची गोष्ट पैशाने मिळत नाही, म्हणून मदतीबरोबर प्रार्थनाही मागितली जाते.

शुभ शुक्रवारच्या वर्गणीचा हिशेब असा की, तिचा सुमारे पासष्ट टक्के भाग पवित्र भूमीची देखरेख करणाऱ्या फ्रान्सिस्कन संघाकडे जातो आणि पस्तीस टक्के पूर्वेकडील ख्रिस्तसभांसाठी असलेल्या रोमच्या कार्यालयाकडे. ज्या देशांस तिचा लाभ होतो त्यांत इराकही आहे. किती द्यावे, हे आम्ही सांगणार नाही. संत पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमविली तेव्हा मासेदोनियाच्या लोकांनी स्वतः दारिद्र्यात असून दिले. परंतु त्यांनी ते आपखुशीने दिले, हेही त्याने आवर्जून नमूद केले आहे. ज्या घरी काहीच देणे जमणार नाही, त्या घरी रात्रीच्या जपमाळेचे एक दशक कराकोशच्या नावाने म्हटले जावे. मुलांना नकाशात गाव दाखविले तर फारच उत्तम.

राहता राहिली वेदीजवळची बादली. छप्पर आधी की कराकोश आधी, हा वाद आम्हांस खोटा वाटतो; ज्या धर्मग्रामात परक्यासाठी थैली फिरत नाही, तेथे छपरासाठीही ती भरलेली आम्ही फारशी पाहिलेली नाही. तरी गळतीची तक्रार आम्ही परस्पर त्यांच्या धर्मगुरूंना कळविलेली नाही. ती भगिनीनेच येत्या रविवारी, मिस्सानंतर, स्वतः जाऊन सांगावी. आणि पावसाळ्यापूर्वी सांगावी.