पाय कोरडे ठेवण्याचा हट्ट
धार आणि देवास ही पवारांची मराठी संस्थानं १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली, तरी तिथली मराठी घरं अजून आहेत. देवासला माझी मावशी राहते. पावसाळ्यात गेलो की मावसभावाची सायकल घेतो. आम्हां गोवेकरांना वाटतं, पाऊस काय तो आपलाच! आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, माळव्यात साधारण १०००. पण तिथली काळी माती भिजली की टायरला चिकटते, मडगार्डमध्ये भरते आणि चाकच अडतं. उतरून चिखलात पाय घालावाच लागतो.

गमबूटही कामाचे नाहीत. पोटरीवरून पाणी आत उतरतं आणि आतच राहतं. मावसभाऊ प्लास्टिकच्या सँडल घालतो. पिशवीत पंचा, कोरडे मोजे आणि बूट. कचेरीत पोचला की पाय धुतो, बोटांच्या बेचक्या पुसतो, मगच बूट चढवतो. मी मात्र पणजीत कित्येक वर्षं ओल्या मोज्यांनिशी दिवसभर खुर्चीत बसून चिखल्या ओढवून घेतल्या. पाय भिजले म्हणून काही बिघडत नाही, ते भिजलेले राहिले की बिघडतं.

कचेऱ्यांतून साहेबांच्या गाड्यांना छप्पर असतं. सायकलवाल्यांना एक नळ आणि मोजे वाळत घालायला एक दोरी मिळाली, तरी पुष्कळ झालं.