पकडलेला माणूस कुठे आहे, हे ठाण्याच्या दारातच कळू द्या

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
नांदेड जिल्हा

महोदय,

समजा, हिमायतनगर तालुक्यातल्या एखाद्या गावात धुऱ्यावरून दोन भावकींत काठ्या निघाल्या. रात्री पोलिसांची गाडी आली आणि चौघांना घेऊन गेली. सकाळी त्यांतल्या एकाची आई एसटीची वाट पाहत उभी आहे. पोरगा कुठे ठेवला, कोणत्या कलमाखाली धरला आणि कोर्टापुढे कधी उभा करणार, एवढेच तिला कळायला हवे. एक जण सांगतो हिमायतनगरच्या ठाण्यात आहे, दुसरा सांगतो भोकरला हलवला, तिसरा म्हणतो एलसीबीवाल्यांनी (स्थानिक गुन्हे शाखेने) थेट नांदेडला नेला. नांदेडला जाऊन यायचे तर मजुरीचा अख्खा दिवस बुडतो. मग ओळखीचा पुढारी शोधला जातो, नाहीतर ‘मी बोलतो साहेबांशी’ म्हणणारा कोणीतरी भेटतो. फुकट मिळायला हवी ती माहिती तिथे विकत घ्यावी लागते.

ही माहिती त्या आईला मिळणे ही कोणाची मेहेरबानी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ अगदी स्वच्छ आहे. प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष असावा. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात एक अधिकारी नेमलेला असावा, त्याचा हुद्दा सहायक पोलीस उपनिरीक्षकापेक्षा खालचा नसावा. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची नोंद त्याने ठेवावी. आणि ती नोंद प्रत्येक ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात, हवी तर डिजिटल पद्धतीने, पण लोकांच्या ठळक नजरेस पडेल अशी लावावी.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम ४१ सी नोव्हेंबर २०१० पासून अमलात होते. त्यातली सक्ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेरच्या फलकापुरती होती, म्हणजे हिमायतनगरच्या माणसाने फलक वाचायला नांदेड गाठायचे. नव्या कायद्याने तो फलक तालुक्याच्या ठाण्यात आणला, ही मोठी सोय झाली. मात्र अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा फलकावर लावण्याची जुन्या कलमातली अट नव्या कलमात दिसत नाही. ती वगळायला नको होती. कायदा मागत नसला तरी आपल्या जिल्ह्याने ते नाव लावायला कोणाची आडकाठी नाही.

अटकेची माहिती मिळण्याचा हा अधिकार पत्रांतूनच उभा राहिला आहे. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी कोठडीतल्या स्त्रियांच्या हालांविषयी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने फेब्रुवारी १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारला आदेश दिले. अटक झालेल्याला पोलीस कोठडीत नेले, की जवळच्या विधी साहाय्य समितीला लगेच कळवा, हा त्यांतला एक. पुढे २६ ऑगस्ट १९८६ रोजी पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे दिलीपकुमार बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवले. त्याचा निकाल १८ डिसेंबर १९९६ रोजी लागला. अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, नातेवाइकाला खबर, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी आणि अटकेनंतर १२ तासांत नियंत्रण कक्षाला माहिती देऊन ती फलकावर लावणे, असे अकरा दंडक त्यात घालून दिले. ते मोडणाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाई तर होईलच, न्यायालयाच्या अवमानाचाही खटला चालेल, असे न्यायालयाने बजावले होते.

फलक लागला तरी तो वाचता आला पाहिजे. ‘गु.र.नं. अमुक, क. ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२), ३(५) भा.न्या.सं.’ अशी ओळ ठाण्यातल्या कारकुनाला कळते, वकिलाला कळते. त्या आईला त्यातून काय कळणार? धुऱ्याच्या भांडणात हीच कलमे हमखास येतात. ११८(१) म्हणजे घातक हत्याराने दुखापत, जुने ३२४. ११५(२) म्हणजे साधी मारहाण, जुने ३२३. ३५२ म्हणजे शांतता बिघडेल असा अपमान, ३५१(२) म्हणजे धमकी, आणि ३(५) म्हणजे सगळ्यांनी मिळून केले, लोकांच्या तोंडातले जुने ‘चौतीस’. खेड्यापाड्यांत दीडशे वर्षे जुने आकडे मुरले आहेत. तीनशेदोन म्हटले की खून, चारसोवीस म्हटले की फसवणूक, हे शाळा न शिकलेल्यालाही कळते. आता भारतीय न्याय संहितेत खून १०३ मध्ये गेला आणि फसवणूक ३१८ मध्ये. म्हणून फलकावर आकड्याशेजारी ‘काठीने दुखापत, धमकी’ एवढे तीन शब्द मराठीत लिहिले तर कागद वाढत नाही आणि घरच्यांच्या जिवाचा थरकाप पुष्कळ कमी होतो.

अटक ही अटक म्हणूनच लिहिली जावी, हे त्याहूनही महत्त्वाचे. गावात सगळ्याला एकच शब्द आहे, ‘उचलला’. कायद्यात त्याचे चार वेगळे अर्थ निघतात. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी कारणे तपासायची आणि हजर राहण्याची नोटीस द्यायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. ती नोटीस आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली निघते आणि ती मिळालेला माणूस अटकेत नसतो. सण-निवडणुकीच्या आधी त्याच संहितेच्या कलम १७० खाली होणारी प्रतिबंधक अटक हा तिसराच प्रकार. तिथे गुन्हा घडलेलाच नसतो आणि दुसऱ्या आदेशाशिवाय २४ तासांपलीकडे ठेवता येत नाही. ‘चौकशीसाठी बोलावले’ हा चौथा, आणि सगळ्यांत धोक्याचा. कारण त्याची नोंद कुठल्याच फलकावर येत नाही आणि २४ तासांचे घड्याळ कधी सुरू झाले ते सांगता येत नाही. ठाण्याच्या दारात शिरल्याची वेळ स्टेशन डायरीत पडली, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

मोबाइल हातात असलेली तरुण पोरे पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर बघतात. तिथे जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकून एफआयआर वाचता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निकालामुळे ही सोय सक्तीची झाली: २४ तासांत एफआयआर संकेतस्थळावर चढवायचा, अडचणीच्या भागात फार तर ७२ तासांत. लैंगिक अत्याचार, पॉक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत. पण एफआयआर म्हणजे अटकेची नोंद नव्हे. फिर्यादीने घेतलेले नाव त्यात असते; त्या माणसाला धरले की नाही हे त्यात नसते. कितीतरी एफआयआरमध्ये आरोपी ‘अनोळखी’ असतो आणि पुढे तपासात धरलेल्याचे नाव मूळ कागदात सापडतच नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ठाणे, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकले की प्रकरण कोर्टात कुठवर आले ते दिसते. या दोन टोकांच्या मधले दिवस कोरे राहतात. अटक, पीसीआर (पोलीस कोठडी), एमसीआर (न्यायालयीन कोठडी), जामीन हे सगळे त्याच दिवसांत घडते. ती फट भरायची जागा म्हणजे ठाण्याचा फलक.

नांदेडच्या सीमाभागाला आणखी एक अडचण आहे. हिमायतनगर, किनवट, माहूर या पट्ट्यातली माणसे कामासाठी तेलंगणात जातात. रेल्वेचा मार्गही मुदखेडहून हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला निघतो. तिकडे कोणी धरले गेले तर कागद तेलुगूत आणि घर तांड्यावर. बसू निकालात यावर उपाय सांगून ठेवला आहे: नातेवाईक जिल्ह्याबाहेर राहत असतील तर ८ ते १२ तासांत त्या जिल्ह्यातली विधी साहाय्य संस्था आणि त्या भागातले ठाणे यांच्यामार्फत कळवायचे. असा निरोप हिमायतनगरच्या ठाण्यात आला, तर तो त्याच फलकावर लागावा आणि बीट अंमलदाराने गावात पोहोचवावा. भाषेचा मुद्दा तर न्यायालयानेच निकालात काढला आहे. मुंबईतल्या एका वाहन अपघाताच्या प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिलीच पाहिजेत. लगेच देणे शक्य नसेल तर कोठडीसाठी कोर्टापुढे नेण्याआधी किमान दोन तास तरी.

कोणी म्हणेल, नावे भिंतीवर लावली तर माणसाची बदनामी होते. हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर नीट विचार व्हायला हवा. अमेरिकेत काउंटीच्या शेरीफ कार्यालयांकडून अटक झालेल्यांची यादी छायाचित्रासह खुली होते. खासगी संकेतस्थळांनी ती छायाचित्रे उचलली आणि काढून टाकण्यासाठी लोकांकडून पैसे उकळले. निर्दोष सुटलेल्यांनाही त्यांनी सोडले नाही. शेवटी तिथल्या अनेक राज्यांना हे थांबवायला कायदे करावे लागले. आपल्याकडची जखम तर याहून जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारध्यांच्या पालावर पहिला संशय अजूनही येतो. म्हणून फलकावर छायाचित्र नको, जात नको, ‘सराईत’ हा शिक्का नको. अठरा वर्षांखालच्या मुलाचे नाव तर कधीच नको. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ त्याला मनाई करते. ज्या नोंदीतून अत्याचारग्रस्त स्त्रीची ओळख पटू शकेल, तीही लावू नये. माणूस जामिनावर सुटला की तसे त्याच ओळीत लिहावे आणि ठरावीक दिवसांनी ओळ फलकावरून उतरवावी. नोंद रजिस्टरला राहील.

पण बदनामीची भीती दाखवून फलकच कोरा ठेवणे मान्य होणार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नव्या कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधली, वैयक्तिक माहिती नाकारण्याची सूट नोव्हेंबर २०२५ मध्ये रुंदावली आहे. त्याचा आधार घेऊन अटकेची माहिती नाकारली जाण्याचा धोका आहे. पण ही माहिती खुली करा असे संसदेने कलम ३७ मध्ये स्वतःच सांगितले आहे. शिवाय माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित माहिती ४८ तासांत देण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्यात आजही कायम आहे.

शेजारच्या परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद पुकारला गेला, दगडफेक झाली आणि धरपकड झाली. धरलेल्यांमध्ये कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मेला. पुढच्या जुलैत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मोठी धरपकड होते तेव्हाच नोंदी घाईत होतात, आणि नेमके तेव्हाच घरच्यांना तासातासाची माहिती लागते. कोण, किती वाजता, कोणी, कुठून धरला, तपासणी कोणत्या डॉक्टरने केली, हे त्याच दिवशी लिहून लोकांसमोर ठेवले तर पोलिसांवरच्या खोट्या आरोपांनाही तिथेच उत्तर मिळते. प्रामाणिक अंमलदाराला या फलकाची भीती वाटायचे कारण नाही.

म्हणून विनंती अशी. हिमायतनगरसह जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात, आत न शिरता वाचता येईल अशा जागी, मराठीत हा फलक असावा. त्यावर कलम ३७ खाली नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी असावा, अटकेची तारीख आणि वेळ असावी, गुन्हा साध्या शब्दांत असावा, माणूस सध्या कुठे आहे आणि कोर्टापुढे कधी नेणार ते असावे. खाली मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत असावा. ज्या ठाण्यांत हे आधीच होत असेल त्यांचे कौतुक करावे आणि तोच नमुना इतरांना द्यावा. ठाण्याच्या पुढच्या वार्षिक तपासणीला आपण याल तेव्हा मुद्देमाल, शस्त्रे आणि रजिस्टरांबरोबर हा फलकही तपासावा आणि आदल्या दिवशीच्या अटका त्यावर आहेत का, हे स्टेशन डायरीशी ताडून पाहावे.

कळावे,
हिमायतनगर तालुक्यातील एक नागरिक